घरच्या तीन पत्तीत दाजींवर संशय येतोय, काय करावं?

कोरेगावकर:
गणपतीत जागरणाला आमच्याकडे तीन पत्ती बसते, सगळे घरचेच, बूट (डावाआधी प्रत्येकाने टाकायचे पैसे) ५ रुपये, कधी वाद नाही. पण हल्ली दाजी वाटायला बसले की डाव त्यांचाच, काल तर दोनदा ट्रेल (तिन्ही पत्ते एकाच किमतीचे) आणि दोन्ही वेळा वाटणारे तेच. काटायला देत नाहीत, घरातल्या घरात कशाला म्हणतात. धाकट्या चुलतभावाचा सगळा पॉकेटमनी गेला, पोरगं गप्प उठून गेलं ते बघवलं नाही. बोलावं तर ताईला वाईट वाटणार.

इस्पिक_राणी:
५२ पत्त्यांतून तीन पत्त्यांचे २२,१०० हात बनतात, त्यात ट्रेल फक्त ५२, म्हणजे ४२५ हातांत एक. सहा जण शंभर डाव खेळले तर ६०० हात होतात, तेव्हा रात्रभरात कुणालातरी एकदोन ट्रेल लागणं नवल नाही. दोन्ही वाटणाऱ्यालाच लागल्या म्हणून शंका येणारच. पण आधी सांगा, पत्ते एकेक वाटता की तीन-तीन एकदम? शो झाला की जोड्या, ट्रेल एकत्रच उचलल्या जातात आणि आपण हातातल्या हातात चारदा वरखाली केलं की झालं पिसून, गठ्ठे तसेच राहतात आणि तीन-तीन वाटले की अख्खा हात कुणाच्यातरी पुढ्यात जातो, लबाडी न करता. नीट रिफल केलं, म्हणजे दोन भाग करून पत्ते एकमेकांत मिसळले, तरी साधारण सात वेळा पिसावं लागतं, हे बेयर आणि डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवलंय.

किलवर७:
पिसणारा एक, काटणारा दुसरा, वाटणारा तिसरा असं करा. काटून झालं की कॅटमधला जोकर तळाला ठेवा, म्हणजे तळचा पत्ता दिसत नाही आणि खालून ओढायला गेलं तर जोकरच हाताला येतो. आणि कॅट नवा आणा, जुन्या पत्त्यांचे दुमडलेले कोपरे खेळणाऱ्यांना पाठ असतात. नियम सगळ्यांना सारखा, बसतानाच घरातल्या मोठ्यांनी सांगायचा.

सातारी_बाणा:
नियम ठीक आहेत पण मोठा माणूस पोरांचे पैसे असे घेत असेल तर बोललंच पाहिजे. फक्त चारचौघात नको आणि ताईला तर मध्ये अजिबात घालू नका, तिची दोन्हीकडून कुचंबणा होते. दाजींना एकट्याला गाठून सरळ सांगा, काटायला देत नाही म्हणून पोरांना शंका येतेय. चोर म्हणायचं नाही, हातात काही पुरावा नाहीये.

कोरेगावकर:
तीन-तीनच वाटतो आम्ही! आज काकांना सांगून एकेक वाटायला लावतो, जोकरचंही करतो. पण तरी दाजी काटायला नाहीच म्हणाले तर?

किलवर७:
न काटता वाटलेला डाव रद्द, बूट ज्याचा त्याला परत आणि वाटप पुढच्याकडे. हेही काकांनाच आधी बोलायला सांगा, पहिला पत्ता पडायच्या आत.