मदत हवी आहे: रेफरींचा यजमान संघाकडे कल गर्दीमुळे की पुढच्या सामन्याच्या आशेने?

नमस्कार मंडळी,

संख्याशास्त्राच्या एमएस्सी प्रकल्पासाठी अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमधले फाऊल मोजतो आहे. एका ठिकाणी पार अडकलोय.

विषय डोक्यात शिरला तो पॅक-१२ प्रकरणामुळे (पॅक-१२ म्हणजे पश्चिम अमेरिकेतल्या कॉलेज संघांचा गट, तिकडच्या भाषेत 'कॉन्फरन्स'). मार्च २०१३, लास वेगास, अ‍ॅरिझोना विरुद्ध यूसीएलए, उपांत्य सामना. ४ मिनिटं ३७ सेकंद उरलेले असताना अ‍ॅरिझोनाचे कोच शॉन मिलर यांना टेक्निकल फाऊल (गैरवर्तनाची शिक्षा) मिळाला, म्हणजे समोरच्यांना दोन फ्री थ्रो. अ‍ॅरिझोना हरलं ६४-६६ असं. पुढे बातमी फुटली की कॉन्फरन्सच्या रेफरींचे प्रमुख एड रश यांनी मिलरना टेक्निकल देणाऱ्याला ५,००० डॉलर किंवा कानकूनची सहल देऊ, असं रेफरींना सांगितलं होतं. ती थट्टा होती, असं म्हणणं पुढे आलं आणि कॉन्फरन्सने ते मानलंही. तरी एप्रिलमध्ये रशनी राजीनामा दिला.

पैसे कुणी घेतले नाहीत हे मान्य. पण तिथले रेफरी पगारी नोकर नसतात, सामन्यागणिक मानधन मिळतं आणि पुढचे सामने कुणाला द्यायचे ते असा प्रमुखच ठरवतो. मी चार वर्षं जिल्हा स्पर्धांत पंचगिरी केली आहे. नेमणुका करणारे सर साइडलाइनला खुर्ची टाकून बसले की शिट्टी ओठांत असूनही फुंकर अर्धा क्षण अडायची. कुणी काही बोललेलं नसायचं.

अँडरसन आणि पिअर्स या संशोधकांनी २००४-०५ च्या हंगामातले ३६५ सामने तपासले. ज्या संघाचे फाऊल कमी, पुढची शिट्टी त्याच्यावर वाजण्याची शक्यता जास्त, आणि यजमान संघाला झुकतं माप. हे झुकतं माप प्रेक्षकांच्या आरड्याओरड्याने येतं की नेमणुकीच्या धास्तीने, ते मला वेगळं काढायचं आहे.

माझी कल्पना अशी: कोविडच्या २०२०-२१ हंगामात बऱ्याच ठिकाणी स्टँड रिकामे होते, पण नेमणूक करणारे तेच. तेव्हाही कल उरला असेल तर गर्दीला दोष देता येणार नाही. सध्या 'पुढचा फाऊल कुणावर' यासाठी लॉजिस्टिक रिग्रेशन (दोनपैकी एक निकाल लागण्याची शक्यता मोजणारी पद्धत) लावलंय. स्कोअरमधली तफावत, फाऊलमधली तफावत आणि प्रेक्षक होते की नाही, हे त्यात घेतलंय.

अडचण ही की प्रेक्षक नसले की यजमान खेळाडूही वेगळे खेळतात, मग फाऊल खरोखरच कमी-जास्त होतात. खेळातला हा बदल आणि रेफरीचा कल वेगळा कसा करायचा? बॉक्स स्कोअरमध्ये (सामन्याच्या आकडेवारीच्या तक्त्यात) तिन्ही रेफरींची नावं असतात. प्रत्येक रेफरीचा स्वतंत्र परिणाम धरून त्याच्याच दोन हंगामांची तुलना केली तर चालेल का? की फक्त त्रयस्थ मैदानावरचे सामने घ्यावेत?

असं काम केलेलं कुणी इथे असेल तर कृपया सविस्तर लिहा. मार्गदर्शकांना पुढच्या सोमवारी आराखडा दाखवायचा आहे.