बाबांची स्टोमाची पिशवी रोज पहाटे गळते

बाबांच्या इलिओस्टोमीला (ऑपरेशन करून लहान आतड्याचं तोंड, म्हणजे स्टोमा, पोटावर काढतात आणि मल पिशवीत घेतात) दोन महिने झाले. रोज पहाटे तीनला पिशवी खालून सुटते, अंथरूण भिजतं, कातडी लालभडक. आता रात्री जेवायलाच घाबरतात. कुठली पिशवी घेऊ?

– ताई, आधी स्टोमा मोजा. सूज उतरली की तो आकसतो, आपण मात्र पिशवीच्या कातडीला चिकटणाऱ्या चकतीचं भोक जुन्याच मापाने कापत राहतो. आईचा ३५ मिमीवरून २८ वर आला होता. कडेला दोन-तीन मिमीच सोडा. तेल, क्रीम नको. पिशवी अर्धी व्हायच्या आत रिकामी करा.

– स्टोमा कातडीलगत बसलेला असेल तर सपाट चकतीऐवजी कॉन्व्हेक्स, म्हणजे कातडीकडे फुगीर असलेली, लागू शकते. पण स्टोमा नर्सला दाखवूनच.

– मोजलं. भोक तब्बल आठ मिमी मोठं! काल बाबा सकाळपर्यंत झोपले. कातडी दाखवायला सोमवारी नेतेय.