हॅशच्या पत्त्यावर साइट टाकली, पोस्टरं काहून दिसत नाहीत?

वडसावाला
झाडीपट्टी नाटकांची जुनी पोस्टरं स्कॅन करून साधी एचटीएमएल साइट बनवून राहिलो. आयपीएफएसवर टाकली (फाइली बऱ्याच संगणकांवरून मिळणारं जाळं; तिथं पत्ता म्हणजे फाइलच्या मजकुरावरूनच निघणारा हॅश). लॅपटॉपवरच्या लोकल सर्व्हरवर सगळं दिसते. गेटवेवर (आयपीएफएसवरचं साध्या ब्राउझरात दाखवणारी साइट) पान उघडते, पण पोस्टर एकही नाही. फोटोचा पत्ता '/पोस्टर/मंडई.जेपीजी' असा आहे. आता हरेक फोटोचा हॅश पानात लिहत बसू काय? दिवाळीनंतर मंडया (गावोगावच्या जत्रा) सुरू व्हायच्या आत लोकांना दाखवायची आहे.

सिंदेवाहीचा भाऊ
हॅश लिहू नको बावा. सुरुवातीची तिरपी रेघ काढ, बस.

रेघेनं सुरू होणारा पत्ता ब्राउझर होस्टच्या, म्हणजे पत्त्यातल्या साइटच्या नावाच्या, मुळापासून धरते. घरी मूळ म्हणजे तुहं फोल्डर. गेटवेवर पत्ता 'गेटवे/आयपीएफएस/हॅश/' असा, म्हणून मुळापासून धरलं की हॅश गायब. ब्राउझरले हॅशशी काही देणंघेणं नाही, वेब पत्त्यांच्या २००५ च्या आरएफसी ३९८६ या मानकातले नियम ते डोळे मिटून लावते.

अख्खं फोल्डर एकदमच टाक, सुटी फाइल नको. फोल्डरलेही हॅश असते आणि त्यात आतल्या हरेक नावासमोर त्याचा हॅश नोंदवलेला असते. मंग 'पोस्टर/मंडई.जेपीजी' बरोबर सापडते. लिंकच्या शेवटी मात्र रेघ ठेव. नाही तर शेवटचा तुकडा, म्हणजे हॅशच, कापल्या जाते.

वडसावाला
दिसले! पण आतल्या पानावरून मुख्य पानावर यायले तरी हॅश लागन ना?

सिंदेवाहीचा भाऊ
लिहूनच दाखव! मुख्य पानात आतल्या पानाचा हॅश टाकला की मुख्य पानाचा हॅश बदलते. तो आतल्या पानात टाकला की आतल्याचा बदलते. रात्र सरन, हे सरणार नाही. '../' (म्हणजे एक फोल्डर वर) लिही अन् मोकळा हो.

तळोधीचे गुरुजी
थोडी भर घालतो. सबडोमेन गेटवे वापरलात तर हॅश होस्टच्या नावातच बसतो, मग रेघेने सुरू होणारे पत्तेही चालतात. मात्र 'क्यूएम'ने सुरू होणारा जुना हॅश तिथे चालत नाही. त्यात लहान-मोठी अक्षरे वेगळी धरतात, होस्टच्या नावात तसा भेद नसतो. 'बाफी'ने सुरू होणारा बेस-३२ हॅश घ्या, त्यात फक्त लहान अक्षरे आणि अंक असतात. तो ५९ अक्षरांचा असतो, डीएनएसमध्ये (इंटरनेटवरच्या नावांची व्यवस्था) नावाच्या एका तुकड्याला असलेल्या ६३ अक्षरांच्या मर्यादेत बसतो.

आणि नवे पोस्टर जोडले की फोल्डरचा हॅश बदलेल. व्हॉट्सॲपवर फिरणारी लिंक जुनेच पान दाखवत राहील. ती वाटण्याआधी आयपीएनएस किंवा डीएनएसलिंक, म्हणजे नव्या हॅशकडे वळवता येणारे कायमचे नाव, लावून घ्या. लॅपटॉप बंद असताना साइट दिसायची तर दुसरीकडे कुठेतरी पिन करणेही, म्हणजे प्रत टिकवून ठेवायला लावणेही, आले. आपल्याकडची वीज तुम्हाला ठाऊकच आहे.