दुसऱ्यासाठी प्रार्थना करताना : तुमचे अनुभव लिहा

माझ्या बायबलच्या मागच्या कोऱ्या पानावर नावं लिहिलेली आहेत. काहींपुढे तारीख आहे, काहींपुढे बारीकशी फुली, आणि बरीचशी नावं काहीच खूण नसलेली. सगळ्यात वरचं नाव माझ्या एका मैत्रिणीचं. ११ वर्षं मी तिच्यासाठी प्रार्थना करतेय आणि जे मागतेय ते अजून झालेलं नाही. मागच्या महिन्यात शाई पुसट झाली म्हणून ते नाव पुन्हा गिरवलं. गिरवताना वाटलं, हे काम करणाऱ्या इतरांनाही विचारावं.

मध्यस्थी म्हणजे मध्ये उभं राहणं. जो स्वतः बोलू शकत नाही, किंवा ज्याला बोलायचंच नाही, त्याच्या वतीने देवापुढे बोलणं. उत्पत्तीच्या १८व्या अध्यायात सदोम शहराचा नाश टळावा म्हणून अब्राहाम देवापुढे असा उभा राहतो. ५० नीतिमान सापडले तर? ४५? ४०? करत करत तो १० पर्यंत येतो. त्या शहरात १० सुद्धा सापडले नाहीत. पण पुढच्याच अध्यायात एक ओळ आहे, की देवाने अब्राहामाची आठवण करून लोटाला त्या नाशातून बाहेर काढलं. मागितलं होतं शहर, वाचला पुतण्या. माझ्या कागदावरच्या कितीतरी नावांचं असंच झालंय, म्हणून मला ती ओळ इतकी जवळची वाटते.

आजारातून बरं होण्यासाठी, तुटलेली नाती जुळण्यासाठी, कोणाच्या रक्षणासाठी तुम्ही केलेली प्रार्थना इथे लिहा. दोनच विनंत्या. ज्याच्याबद्दल लिहाल त्याची ओळख पटेल असं काही नको. आणि उत्तर मिळालं नसेल तर तेही लिहा. साक्ष द्यायची म्हटली की आपण शेवट गोड झालेल्याच गोष्टी सांगतो, आणि ज्यांची गोष्ट तशी संपली नाही ते मागच्या बाकावर गप्प बसून राहतात.

*

पप्पा १९ दिवस अतिदक्षता विभागात होते, त्यातले १२ व्हेंटिलेटरवर. भेटणारा प्रत्येक जण विचारायचा, "प्रार्थना करतेस ना?" मी हो म्हणायचे. ते खरं नव्हतं. डोळे मिटले की फक्त त्या मशीनचा आवाज यायचा, शब्द एकही सुचायचा नाही.

आमच्या चर्चच्या मंडळीने आमच्यासाठी प्रार्थना-साखळी लावली होती, एकेक तास वाटून घेऊन. पाळकांनी तेव्हा सांगितलं होतं की १७२७ साली जर्मनीत हर्नहुट गावातल्या मोराव्हियन पंथाच्या लोकांनी अशीच सुरुवात केली. २४ पुरुष आणि २४ स्त्रियांनी तास वाटून घेतले आणि ती साखळी १०० वर्षांहून जास्त चालली. आमच्यासाठी रात्री २ ते ३ ची वेळ बारावीतल्या एका मुलाने मागून घेतली होती. हे मला फार नंतर कळलं. त्याची परीक्षा तोंडावर होती.

मार्कच्या २ऱ्या अध्यायातल्या पक्षाघाती माणसाला चौघांनी छप्पर उघडून खाली सोडलं. तिथे येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला, असं लिहिलंय. वाचताना नेहमी मी त्या चौघांमध्ये असायचे. त्या १९ दिवसांत मात्र मी बाजेवर होते.

पप्पा घरी आले. काठी घेऊन चालतात. पण शेजारच्या खाटेवरच्या काकांसाठी त्यांची बायको माझ्यापेक्षा कितीतरी कळवळून प्रार्थना करत होती. ते गेले. पप्पांबद्दल साक्ष द्यायला मला उभं केलं तेव्हा त्या काकूंचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. मी एवढंच बोलले, "उपकार मानते," आणि बसले.

*

धाकट्या भावाशी मी ६ वर्षं बोलत नव्हतो. कारण तेच, वडिलांचं घर. मी रोज त्याच्यासाठी प्रार्थना करायचो, पण ती प्रार्थना म्हणजे देवाकडे केलेली तक्रार असायची. देवा, त्याला सुबुद्धी दे. त्याला त्याची चूक दाखव. त्याच्या बायकोचं मन बदल.

एका रविवारी प्रभुभोजनाआधी मत्तय ५ वाचलं गेलं. वेदीजवळ दान अर्पण करताना आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेवून आधी जाऊन समेट कर. मी हे शंभरदा ऐकलेलं. त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं की माझ्या मनात त्याच्याबद्दल काय आहे हे तिथे विचारलेलंच नाही. त्याच्या मनात माझ्याबद्दल काय आहे, ते विचारलंय. ते मला ठाऊक होतं. वडील आजारी असताना हिशेबाच्या वहीवरून मी त्याला सगळ्यांदेखत चोर म्हटलं होतं. प्रार्थनेत मी ते कधीच काढलं नव्हतं. त्या रविवारी भाकर न घेता उठून आलो.

लगेच फोन केला असं नाही. आणखी ४ महिने गेले. प्रार्थना मात्र बदलली. त्याच्या मुलीचा दमा, त्याची नोकरी, त्याची पाठदुखी, ज्या ज्या गोष्टी मला माहीत होत्या त्या एकेक करून मागायला लागलो. ईयोबाच्या शेवटच्या अध्यायात, ज्या मित्रांनी त्याला घालूनपाडून बोलणी केली त्यांच्यासाठी त्याने प्रार्थना केली तेव्हा देवाने त्याची दशा पालटली, असं आहे. ज्याच्या मुलीच्या श्वासासाठी रोज मागायचं त्याच्याबद्दल तितकंच कडू राहणं मला तरी जमलं नाही.

शेवटी त्याच्या दारात गेलो. चोर म्हणालो ते चुकलं, एवढं वाक्य पाठ करून गेलो होतो. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, आत ये." घराचा वाद अजून मिटलेला नाही, कागद वकिलाकडेच आहेत. पण पुतणी आता सुट्टीत आमच्याकडे राहायला येते.

*

मी परिचारिका आहे. रात्रपाळीत एकेका खाटेजवळून जाताना मनातल्या मनात प्रार्थना करते. मोठ्याने नाही, आणि हात ठेवून तर रुग्णाने स्वतः म्हटल्याशिवाय कधीच नाही. जो अंथरुणातून उठू शकत नाही त्याला 'नको' म्हणणं फार अवघड असतं.

माझ्यासोबतच्या एका डॉक्टरांनी मला एका अमेरिकन अभ्यासाबद्दल सांगितलं, २००६ साली प्रसिद्ध झालेला. ६ रुग्णालयं, बायपास झालेले १,८०२ रुग्ण. दोन गटांना सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना कदाचित होईल, कदाचित होणार नाही. त्यातल्या ज्यांच्यासाठी झाली त्यांच्यात ५२ टक्क्यांना गुंतागुंत झाली, ज्यांच्यासाठी झाली नाही त्यांच्यात ५१ टक्क्यांना. आणि ज्यांना प्रार्थना नक्की होणार असं सांगितलं होतं, त्यांच्यात ५९ टक्के. मला ते ऐकून वाईट वाटलं, हे कबूल करते. घरी जाऊन विचार केला. तिथे प्रार्थना करणाऱ्यांना रुग्णाचं पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर तेवढं दिलं होतं, १४ दिवसांसाठी. देव मापात धरता येतो असं मी कधी मानलं नाही, त्यामुळे तो आकडा माझा विश्वास मोडत नाही, आणि वेगळा आला असता तरी त्याने तो वाढला नसता.

पण त्या ५९ वर मी थांबले. इतके लोक प्रार्थना करतायत म्हणजे माझी तब्येत फार वाईट असणार, असं त्यांना वाटलं असेल का, अशी शंका तो अभ्यास करणाऱ्यांनीही घेतली होती. तेव्हापासून मी रुग्णाला "सगळी मंडळी तुमच्यासाठी उपास करतेय" असं सांगत नाही. पाणी हवं का ते विचारते, उशी नीट करते.

*

आमची मुलगी ७ वर्षांची असताना गेली. रक्ताचा कर्करोग. २ वर्षं उपास-प्रार्थना झाल्या, मंडळीच्या वडीलजनांनी बायबलमधल्या याकोबाच्या पत्राप्रमाणे तेल लावून प्रार्थना केली, कितीतरी जणांनी हात ठेवले. एका बाईंनी मला वचन मिळालंय म्हणून छातीठोक सांगितलं की ती बरी होणार. मी ते धरून बसले होते.

ती गेल्यावर त्याच बाईंनी दुसऱ्या कोणाला सांगितलं, आईचा विश्वास कमी पडला. ते माझ्यापर्यंत आलं. दीड वर्ष मी उपासनेला गेले नाही.

परतले ती २ तीमथ्य ४:२० मुळे. पौल जाता जाता लिहितो, त्रफिम आजारी होता, त्याला मी मिलेतात ठेवून आलो. एवढंच. ज्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे झाले त्या पौलाचा सोबती आजारी राहिला, आणि पौल त्याचं कारण देत नाही, त्रफिमाला बोलही लावत नाही. स्वतःच्या शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, दूर व्हावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली आणि काटा राहिला. गेथशेमाने बागेत, मरणाच्या आदल्या रात्री, प्रभू येशूनेही दुःखाचा प्याला टळो म्हणून मागितलं. मग माझा विश्वास कोणत्या मापाने कमी?

त्या दीड वर्षात मंडळीतल्या एक म्हाताऱ्या आजी दर गुरुवारी यायच्या. पहिले कित्येक गुरुवार त्यांनी प्रार्थना केलीच नाही. माझ्याजवळ बसायच्या, मुलीची चित्रं बघायच्या, जायच्या. एकदा मीच म्हटलं, आजी, करा आता. त्यांनी डोळे मिटले आणि रडायला लागल्या, शब्द एकही नाही. रोमकरांस पत्राच्या ८व्या अध्यायात आत्मा कण्हत कण्हत आपल्यासाठी मध्यस्थी करतो असं जे लिहिलंय, ते मी त्या दिवशी माझ्या घरात ऐकलं.

(ताई, लिहिल्याबद्दल काय म्हणू? तुमच्या मुलीचं वय वाचून मी उठले आणि बराच वेळ खिडकीत उभी होते. पुढचे अनुभव येऊ द्या.)

*

माझ्यासाठी एक गट ३ वर्षं प्रार्थना करत होता. विषय : 'बहिणीच्या संसारात समेट व्हावा.' नवरा मारायचा. गटात मी ते सांगितलं होतं. तरी दर आठवड्याला माझ्या सहनशीलतेसाठी आणि त्याच्या मनपरिवर्तनासाठीच मागितलं जायचं, आणि प्रार्थना संपली की मी त्याच घरी परत जायचे.

एका संध्याकाळी गटातल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्या बाईंनी प्रार्थना केली, "प्रभू, हिचं त्याच्यापासून रक्षण कर." बस. कोणी आमेनसुद्धा म्हटलं नाही. बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या हातात आपल्या घराची किल्ली ठेवली. ८ दिवसांनी ती वापरावी लागली. पोलिसांत जाताना, वकिलाकडे जाताना त्याच सोबत होत्या.

मी आजही त्याच्यासाठी प्रार्थना करते. त्याने बदलावं असं मला मनापासून वाटतं. पण समेटासाठी मागणाऱ्या सगळ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, घरात मारहाण असेल तर आधी रक्षण मागा, आणि ते मागताना आपल्या घराचं दार उघडं आहे का तेही बघा.

*

मुलगा जहाजावर आहे. रोज रात्री ९ वाजता स्तोत्र १२१ वाचते, तो असेल तिथे त्याच्या वेळेला वाचतो. तुझा रक्षणकर्ता झोपत नाही, या शब्दांवर मी झोपते.

प्रेषितांच्या कृत्यांच्या १२व्या अध्यायात पेत्र तुरुंगातून सुटतो, पण त्याच अध्यायाच्या सुरुवातीला योहानाचा भाऊ याकोब तलवारीने मारला जातो. याकोबासाठी कोणी प्रार्थना केली नसेल असं मला वाटत नाही. म्हणून माझ्या मुलाला काही होणारच नाही, असं मी कोणाला सांगत नाही. पुढे चर्चचा थोर शिक्षक झालेल्या ऑगस्टीनची आई मोनिका त्याने रोमला जाऊ नये म्हणून रात्रभर प्रार्थना करत होती, आणि तो तिला फसवून त्याच रात्री गलबतात बसला. पुढे इटलीतच त्याचं मन वळलं, ३८७ साली मिलानमध्ये बाप्तिस्मा झाला. किनाऱ्यावर राहिलेल्या आयांना हे माहीत असावं, म्हणून लिहिलं.

*

मी निवृत्त पाळक. दोन गोष्टी अनुभवातून सांगतो.

एक, प्रार्थना-विनंतीच्या नावाखाली घरोघरी बातम्या पोचतात. "अमक्याच्या मुलासाठी प्रार्थना करा, तो दारू प्यायला लागलाय." हे माझ्याच मंडळीत घडलं आणि विनंती मीच व्यासपीठावरून वाचली होती. तो मुलगा पुन्हा उपासनेला आला नाही. त्याची माफी मागायला मी गेलो, त्याने चहासुद्धा पाजला, पण आला नाही. त्यानंतर ज्याच्यासाठी विनंती त्याला विचारल्याशिवाय मी एकही नाव वाचलं नाही.

दुसरं, याकोब ५:१४ नीट वाचा. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, असं तिथे आहे. बोलावणं त्याचं. पुढे एकमेकांजवळ पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा असं आहे, म्हणजे जो प्रार्थना करायला गेला तोही उघडा पडतो. औषध बंद करा असं तिथे कुठेही नाही. पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून सांगितलं, प्रार्थना कर आणि गप्प बस असं नाही. इन्सुलिन बंद करून आलेल्या एका भावाला मी स्वतः गाडीत घालून दवाखान्यात नेलंय. वाटभर प्रार्थना करत होतो, गाडीही जोरात हाकत होतो.

*

माझी बायको रस्त्यावरच्या अपघातात गेली. गाडी चालवणारा तिशीतला होता, मोबाइलवर बोलत होता. खटला चालू आहे.

स्तेफनाने दगड मारणाऱ्यांसाठी प्रार्थना केली आणि त्यांची वस्त्रं सांभाळत शौल, म्हणजे पुढचा पौल, तिथे उभा होता, हे मला माहीत आहे. रविवारच्या शाळेत मुलांना मीच शिकवत होतो. शत्रूंसाठी प्रार्थना करा हेही.

त्याचं नाव मला आरोपपत्रातून कळलं. गेले ५ महिने रोज रात्री गुडघ्यांवर बसतो आणि ते नाव घेतो. पुढे काय मागायचं ते तोंडातून निघत नाही. त्याला शिक्षा व्हावी असं वाटतं, आणि ते मागायचंही धाडस होत नाही. मग उठतो.

इथले अनुभव काल रात्री सगळे वाचले आणि पुन्हा बसलो. कालही नावापर्यंतच आलो.