गॅस्ट्रिक बायपासनंतर आईच्या गुडघेदुखीसाठी कोणते औषध सुरक्षित?

प्रश्न (राजेंद्रनगर, इंदूर)

माझ्या आईचे वय ५८ आहे. चार महिन्यांपूर्वी तिची गॅस्ट्रिक बायपास शस्त्रक्रिया झाली आणि वजन चांगले उतरते आहे, पण गुडघ्यांचे दुखणे जुनेच आहे. मागच्या आठवड्यात जिना चढताना ते फार वाढले, म्हणून घराजवळच्या औषधाच्या दुकानातून तिने स्वतःच गोळ्या आणल्या. पाकिटावर ॲसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल अशी दोन नावे आहेत. तीन दिवस दोन वेळा घेतल्यावर कालपासून तिला छातीच्या खाली, मधोमध जळजळते आहे. दुकानदाराचे म्हणणे असे की सोबत गॅसची गोळी घेतली की काही होत नाही, नाहीतर इंजेक्शन घ्या, ते पोटात जातच नाही. हे खरे आहे का?

उत्तर १ (सुदामानगर)

ताई, ती गोळी आजच थांबवा आणि आजच शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना फोन करा. माझी स्वतःची बायपास झाली आहे आणि अशाच गोळ्यांनी मला जठर आणि आतडे जोडलेल्या जागी अल्सर, म्हणजे जखम, झाला होता, म्हणून इतक्या आग्रहाने लिहिते आहे. शौचाला डांबरासारखे काळे होणे, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखे काही दिसणे, चक्कर येणे किंवा पोटात एकाएकी असह्य कळ येणे, यांपैकी काहीही झाले तर फोनवर विसंबू नका, थेट इस्पितळ गाठा.

उत्तर २ (औषधविक्रेता, दवा बाजार)

माझ्याच व्यवसायातल्या माणसाने असा सल्ला द्यावा याचे वाईट वाटते, म्हणून कारण नीट सांगतो. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. आतड्याचे अस्तर आम्ल सोसण्यासाठी घडलेले नसते, त्यामुळे जोडाजवळचा भाग आधीच नाजूक असतो. ॲसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन ही औषधे शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचे रसायन तयार होऊ देत नाहीत. त्याने सूज उतरते, पण अस्तराला जपणारे प्रोस्टाग्लँडिनही त्याबरोबरच घटते. हा परिणाम रक्तातून होतो, त्यामुळे इंजेक्शन किंवा गुदद्वारातून द्यायचे औषध घेतल्याने धोका टळत नाही. पँटोप्राझोलसारख्या गॅसच्या गोळीने आम्ल कमी होते आणि जोखीम काहीशी उतरते. ती नाहीशी होत नाही. शिवाय जठराचा जो भाग बाजूला पडतो, तिथे नेहमीची दुर्बीण सहज पोहोचत नाही, त्यामुळे तिथे जखम झाली तर ती उशिरा लक्षात येते. तंबाखूने हा धोका आणखी वाढतो.

दुखण्यासाठी बहुधा पहिले औषध साधे पॅरासिटामॉल असते. निरोगी प्रौढासाठी २४ तासांत ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा मानतात, पण खाणे कमी झालेल्या किंवा यकृताचा त्रास असलेल्या माणसाला डॉक्टर त्याहून कमी सांगतात, तेव्हा आईंसाठी आकडा विचारून घ्या. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, तेही हिशेबात धरावे लागते. औषध हळूहळू सोडणाऱ्या गोळ्यांचे शोषण बायपासनंतर बदलू शकते आणि त्या कुटून तर मुळीच घेऊ नयेत, कारण सगळे औषध एकदम अंगात जाते. ट्रॅमाडॉल स्वतःहून नको. त्याने मळमळ व बद्धकोष्ठता होते आणि झोपेत श्वास अडकण्याचा विकार असेल तर श्वास मंदावण्याचा धोका असतो. गुडघ्याला लावायचे जेल फार कमी प्रमाणात रक्तात जाते, तरी तेही डॉक्टरांना विचारूनच. मात्र हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल, तर ते आपल्या मनाने बंद करू नका.

उत्तर १ (सुदामानगर)

एक अनुभव सांगायचा राहिला. दुकानात मी ‘बायपास झाली आहे’ असे सांगत असे, आणि समोरच्याला ती हृदयाची वाटत असे. आता पर्समध्ये आधार कार्डामागे हिंदीत लिहिलेली चिठ्ठी असते: ‘पेट का बायपास हुआ है, डाइक्लोफेनाक जैसी सूजन की दवा मत देना।’ दाताच्या डॉक्टरांकडेही मी तीच पुढे करते, कारण दात काढल्यावर सर्रास याच गोळ्या लिहून दिल्या जातात.

प्रश्नकर्ती (राजेंद्रनगर)

आपणा दोघांचे मनापासून आभार. डॉक्टरांशी बोलणे झाले. गोळी बंद केली आहे, पँटोप्राझोल त्यांनी सांगितल्याप्रमाणे सुरू केले आहे आणि उद्या सकाळी तपासणीसाठी बोलावले आहे. शौचाचा रंग नेहमीसारखाच आहे. तोपर्यंत ५०० मिलीग्रॅमची साधी पॅरासिटामॉल, तीही त्यांनी ठरवून दिलेल्या वेळेलाच. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबण्याचा व्यायामही त्यांनी सांगितला. आईने संध्याकाळी दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा केला. चिठ्ठी मी आत्ताच लिहिली आणि ‘पेट का’ हे शब्द मोठ्या अक्षरांत काढले.