मदत हवी आहे: समुद्री व्हिब्रिओवर फाजचे प्लाक उमटत नाहीत, वर्गीकरणही अडले आहे

प्रश्न
समुद्राच्या पाण्यातून वेगळ्या केलेल्या व्हिब्रिओ या जीवाणूवर फाज (जीवाणूंना ग्रासणारे विषाणू) शोधायचे आहेत. पाणी ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळले, क्लोरोफॉर्म घालून हलवले, एसएम बफरमध्ये (फाज राखण्याच्या नेहमीच्या द्रावणात) विरल केले आणि यजमानाबरोबर, म्हणजे त्या व्हिब्रिओबरोबर, ०.७ टक्के मऊ अगारमध्ये ओतले. २८ अंशांवर १८ तास ठेवले. लॉन (जीवाणूंचा सलग थर) दाट येते, प्लाक (फाजने जीवाणू मारल्याने थरात पडणारा स्वच्छ ठिपका) एकही नाही. तेच गाळलेले पाणी थेंबभर लॉनवर ठेवले की पुसट चट्टा मात्र उमटतो. शिवाय यजमानाचे १६एस (जीवाणू ओळखायला वापरतात ते जनुक) तीन जातींशी ९९ टक्क्यांहून जास्त जुळते. जात कोणती लिहायची? फाज मिळाला तर 'सायफोव्हिरिडी' हे शेपटीवाल्या फाजचे कुळ लिहावे का?

उत्तर १
ही पद्धत ई. कोलायच्या शेपटीवाल्या फाजसाठी बेतलेली आहे, समुद्राला ती तशीच लावू नका. सर्वांत आधी क्लोरोफॉर्म बंद करा. पीएम२सारख्या बिनशेपटीच्या समुद्री फाजच्या कवचाआड मेदाचा पापुद्रा असतो; क्लोरोफॉर्मने तो विरघळतो आणि फाज निकामी होतो. जीवाणू अडवायला तुमचा फिल्टर पुरेसा आहे.

एसएम बफरमध्ये मीठ फक्त १०० मिलिमोलर, समुद्राच्या पाण्यात त्याच्या चौपटीहून जास्त. विरलन ऑटोक्लेव्ह केलेल्या (दाबाच्या वाफेने निर्जंतुक केलेल्या) समुद्राच्याच पाण्यात करा. ऑटोक्लेव्हनंतर तळाशी पांढरा गाळ बसतो, तो ढवळू नका, वरचे नितळ पाणी घ्या.

मऊ अगार ०.३ ते ०.४ टक्के ठेवा. घट्ट अगारात फाज पसरत नाही आणि प्लाक टाचणीच्या टोकाएवढे राहतात. वाढीच्या भरातला यजमान १०० मायक्रोलिटर, नमुना १०० मायक्रोलिटर, अगार ३ ते ४ मिलिलिटर. अगार ४५ अंशांच्या वर नको, आणि मिसळल्यावर लगेच ओता. प्लेट आठवडाभर रोज उजेडासमोर तिरकी धरून पाहा. ऑटोलिकिव्हिरिडी या बिनशेपटीच्या कुळातल्या फाजचे प्लाक उशिरा उमटतात, १८ तासांत ते हमखास निसटतात.

उत्तर २
चट्टा म्हणजे फाजच, असे धरू नका. दहापट-दहापट विरल करत थेंब ठेवा. पुढच्या थेंबांत सुटे, मोजता येणारे प्लाक दिसले तर फाज. चट्टा नुसता फिकट होत नाहीसा झाला तर बॅक्टेरिओसिनचा (जीवाणूंनीच सोडलेल्या, दुसऱ्या जीवाणूंना मारणाऱ्या प्रथिनाचा) संशय घ्या.

उत्तर ३
व्हिब्रिओत १६एसवर जात ठरवणे धोक्याचे. हार्व्हेयी, कॅम्पबेली, ओवेन्सी यांच्यात ते जवळजवळ सारखेच असते, त्यात एकाच पेशीत १६एसच्या अनेक प्रती असतात. जीवायआरबी, पीवायआरएच, आरईसीए अशी जनुके एकत्र तपासा. संपूर्ण जीनोम असेल तर सरासरी न्यूक्लिओटाइड साम्य काढा, जातीची सीमा ९५ ते ९६ टक्के.

'सायफोव्हिरिडी' लिहू नका. मायो, सायफो, पोडो ही तिन्ही कुळे आयसीटीव्हीने (विषाणूंचे वर्गीकरण ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने) २०२२ मध्ये रद्द केली. शेपटीवाले फाज आता कॉडोव्हिरिसिटीस या वर्गात येतात, 'सायफो' हे फक्त आकाराचे वर्णन उरले. विषाणूंना १६एससारखे सामाईक जनुक नाही, म्हणून पूर्ण जीनोमची तुलना करावीच लागते. साम्य ९५ टक्क्यांवर असेल तर जात एक, ७० टक्क्यांवर असेल तर प्रजाती (जीनस) एक.

प्रश्नकर्ता
बिनशेपटीचा निघाला तर डीएनए काढण्याची पद्धत तीच का?

उत्तर १
नाही. आधी प्रोटिनेझ के हे प्रथिने पचवणारे विकर वापरा. ऑटोलिकिव्हिरिडीच्या डीएनएला प्रथिन चिकटलेले असते. ते पचवले नाही तर शुद्धीकरणात प्रथिनाबरोबर डीएनएही निघून जातो आणि हाती काहीच उरत नाही.