तारांचा जुना चोर-अलार्म: नुसते सेन्सर बदलता येतात का?

मंडळी, नमस्कार.

घर घेतलं तेव्हा भिंतीतून तारा टाकलेला अलार्म त्यात आधीपासून होता. पंधराएक वर्षांचा असावा. हल्ली जिन्याजवळचा मोशन सेन्सर रात्री-अपरात्री उगाच बोंब मारतो, आणि बैठकीतल्यासमोर मी हात हलवत उभी राहिले तरी तो ढिम्म. ज्यांना बोलावलं ते म्हणाले, सगळं काढून वायरलेस करा. तेवढं करावंच लागेल का? कोणी स्वतः केलंय?

उत्तर:

ताई, सगळं काढू नका. भिंतीतल्या तारा टाकणं हेच खरं कष्टाचं काम, आणि ते होऊन गेलंय. वायरलेस घेतलंत की दर सेन्सरच्या बॅटऱ्या बदलत बसायचं.

पॅनेलच्या, म्हणजे अलार्मच्या मुख्य पेटीच्या लेखी साधा सेन्सर म्हणजे फक्त एक स्विच: शांत असताना सर्किट जोडलेलं, हालचाल दिसली की तुटलेलं. त्यामुळे त्याच कंपनीचा हवा असं काही नाही. जुना उघडून पाहा. दोन स्क्रूंवर १२ व्होल्ट, दोनांवर रिले (हाच तो स्विच), उरलेले दोन टॅम्परचे, म्हणजे कोणी झाकण उघडलं तर कळवणारे. ते बरेचदा रिकामे असतात. असं दिसलं तर १२ व्होल्टचा, नॉर्मली क्लोज्ड (शांत असताना जोडलेल्या) रिलेचा कुठलाही पीआयआर, म्हणजे मोशन सेन्सर, चालेल. पॅनेलशी डेटा बोलणारे ॲड्रेसेबल सेन्सर असतील, तर मात्र त्या पॅनेलला चालणारेच लागतात.

आता माझी फजिती. मी जुना काढला आणि थेट कचऱ्यात टाकला. नवा लावला, तर झोन (पॅनेलला जोडलेलं त्या सेन्सरचं सर्किट) काही केल्या 'रेडी' होईना. दोन संध्याकाळी वाया गेल्या. मग कळलं, जुन्याच्या आत स्क्रूखाली एक इवलासा रेझिस्टर दाबलेला होता, एंड-ऑफ-लाइनचा, म्हणजे तारेच्या टोकाला बसवायचा. पॅनेल तारेतून तोच मोजत बसतं. तार कोणी शॉर्ट केली तरी त्याला कळतं ते त्यामुळेच. मग काय, बाही वर करून कचऱ्याची पिशवी उपसली. त्याचं मूल्य पॅनेलप्रमाणे बदलतं, तेव्हा रंगपट्टे वाचा किंवा सुटा करून मल्टिमीटरनं मोजा, आणि नव्या सेन्सरमध्येच बसवा. पॅनेलच्या पेटीत लावलात तर झोन रेडी होईल, पण तार शॉर्ट झालेली कळणार नाही.

हात लावण्याआधी पॅनेलची वीज आणि आतली बॅटरी दोन्ही सोडवा. तारांचा फोटो काढा. रंगांवर विसंबू नका, लावणाऱ्यानं हाताला येईल तो रंग वापरलेला असतो.

उत्तर:

दादा, जिन्याजवळचा उघडला. तारा चारच आहेत, रेझिस्टर नाही. आत एक कोळी मात्र संसार थाटून बसलाय!

उत्तर:

मग तुमचा चोर सापडला. पीआयआर उष्णतेची हालचाल बघतो, आणि डोळ्याला चिकटून फिरणारा कोळी त्याला माणसाएवढा वाटू शकतो. नवा लावताना मागचं तारेचं भोक सिलिकॉननं बुजवा.

पॅनेलवर दोन्ही सेन्सरना एकच झोन नंबर येतो का? येत असेल तर ते एकामागोमाग जोडलेत आणि रेझिस्टर शेवटच्यात असेल. बैठकीतल्याला वीज मिळत असावी, नाहीतर बहुतेक रिले आपोआप सुटतात आणि झोन उघडा दिसतो. म्हणजे त्याचा डोळाच गेलाय, किंवा कोणीतरी रिलेचे दोन स्क्रू तारेनं जोडून ठेवलेत. दुसरं मी एकदा प्रत्यक्ष पाहिलंय.

उत्तर:

मध्येच बोलतो. अलार्म मॉनिटरिंगला, म्हणजे दुरून लक्ष ठेवणाऱ्या कंपनीला जोडलेला असेल तर त्यांना आधी फोन करून टेस्टवर टाकायला सांगा. आणि नवा सेन्सर हीटरकडे किंवा उन्हाच्या खिडकीकडे तोंड करून लावू नका. सरळ त्याच्याकडे चालत येणाऱ्यापेक्षा समोरून आडवा जाणारा माणूस त्याला लवकर दिसतो, तेव्हा कोपरा तसा निवडा.

उत्तर:

एकच झोन निघाला, आणि रेझिस्टर बैठकीतल्यात होता. दोन्ही नवे लावले. वॉक टेस्टला (समोरून चालून बघायच्या चाचणीला) पहिला अर्धा मिनिट काहीच होईना, मी घाबरलेच. मग कागदावर वाचलं की वीज दिल्यावर त्यांना तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. कोळ्याला बाहेर सोडलं.